एका विश्वरूप-चित्राविषयीं फेरविचार

आमच्या शिरूरच्या घरीं पंचरत्नी गीतेचा एक सचित्र गुटका आहे. गीता, विष्णुसहस्रनाम, भीष्मस्तवराज, अनुस्मृति व गजेंद्रमोक्ष हीं पांच प्रकरणें त्यांत आहेत. शेवटचें पान गळाल्यामुळें लेखकाचें नांव व शक मिळत नाहीं. दौंडास शिक्षक असतां त्यांतील विश्वरूपाचें सुटें झालेलें पान आम्हीं खळीनें पुठ्ठ्यावर चिकटविलें, कांच घालून भिंतीस लावलें आणि पुठ्ठ्याच्या कडेस ‘गीता, अध्याय ११’ असें पेन्सिलीनें लिहून ठेविलें. आमच्या संस्कृत विद्येचा अभिमान त्या एका ओळींत पुरेपूर उतरला होता.

येणाऱ्याजाणाऱ्यास आम्ही सांगत असूं कीं, चित्रकार दुबळा. अकराव्या अध्यायांत अनेक मुखें, अनेक नेत्र, उगारलेलीं आयुधें, सहस्र सूर्यांचें तेज आणि दाढांत सांपडून चूर्ण होणारे योद्धे आहेत. येथें एकच मुख, चारच हात, मुद्रा प्रसन्न. खालीं हात जोडून बसलेल्या मुकुटधारी पुरुषाच्या चेहऱ्यावर भयाचा लेशहि नाहीं. अर्जुन थरथर कांपतो असें व्यासांनीं सांगावें आणि चित्रकारानें त्यास दरबारांत बसवावें, ही आमची ठरलेली थट्टा.

अवयवांची संख्या वाढली कीं विश्वरूप झालें, ही समजूत आमच्या प्रांतांत सार्वत्रिकच आहे. शिरूर तालुक्यांतील रांजणगांवच्या महागणपतीची मूळ मूर्ति तळघरांत असून तिला दहा सोंडा व वीस हात आहेत, अशी आख्यायिका आहे. तिचें नांव महोत्कट. ऐकणारा सहजच तिला विराट्‌रूप म्हणतो. परंतु गणेशपुराणांतील गणेशगीतेच्या आठव्या अध्यायीं गजानन वरेण्य राजास विश्वरूप दाखवितो, तेथें मुखें असंख्य असलीं तरी देव, ऋषि, पितर हे सर्व देवाच्या देहांत दिसतात, हेंच मुख्य. मोजतां येणाऱ्या सोंडा ही निराळी गोष्ट.

असो. गेल्या चातुर्मासांत गुटक्याचीं पानें मोजीत असतां आमच्या चित्रांतील तीन कसरभोकांचा विचार मनांत आला. अकराव्या अध्यायाचीं पानें निर्दोष आहेत. तींच तीन भोकें, त्याच अंतरावर, विष्णुसहस्रनामाच्या आरंभाच्या पानांवर आहेत. म्हणजे चित्र गीतेचें नव्हेच. सहस्रनामाचें पहिलेंच नाम ‘विश्व’, आणि त्याच्या ध्यानांत पृथ्वी हे पाय, आकाश ही नाभि, वायु हा श्वास, चंद्रसूर्य हे नेत्र, दिशा हे कान, द्यौ हें मस्तक, अग्नि हें मुख व समुद्र ही बस्ति, अशी कल्पना आहे. आतां चित्र पाहावें. पायांशीं शेतें, टेंकड्या व गाई, नाभीशीं निळें वर्तुळ, ओटीपोटीं मासे, ओठांत ज्वालेची बारीक तांबडी रेघ. एक डोळा सोनेरी, दुसरा काळा. तो बिघडला असें आम्ही इतकीं वर्षें मानीत होतों. तो चंद्र आहे. रुपेरी रंग काळवंडला इतकेंच! भागवताच्या दुसऱ्या स्कंधांतील विराट्‌पुरुष म्हणावा, तर तेथें तळपायांशीं पाताळ आहे, शेतें नाहींत.

हात जोडलेला पुरुषहि अर्जुन नव्हे. रथ नाहीं, धनुष्य नाहीं. भीष्मांनीं सहस्रनाम धर्मराजास सांगितलें. तेव्हां तो धर्मराज मानणेंच सयुक्तिक, आणि त्यानें भ्यावें असें तेथें कांहीं नाहीं. चित्रकारानें पोथी वाचली होती. आम्हीं वाचली नव्हती. त्याचे खरे दोष किरकोळ आहेत: हातांचे पंजे देहमानानें लहान, आणि मासे अंमळ मोठे.

आमचा दोष मात्र किरकोळ नाहीं. पानाच्या पाठीवर मजकूर होता एवढें स्मरतें; तो खळीखालीं गेला. कडा किंचित् ओलावून पाहिल्या, तों शाई पसरूं लागली. म्हणून हात आवरला. सुटें चित्र दिसतें सुंदर, विकतेंहि चांगलें. पण गुटक्यांत त्याच्या मागें-पुढें काय होतें, हें टिपून न घेतां तें वेगळें करणाऱ्या संग्राहकांनीं आमचा पुठ्ठा एकवार पाहावा.

ज्यांच्या संग्रहीं असे पंचरत्नी गुटके बांधणीसह शाबूत असतील, त्यांनीं विश्वरूपाचें चित्र गीतेंत आहे कीं सहस्रनामापुढें, तेवढें पत्रांकासह या त्रैमासिकाकडे कळवावें. पुठ्ठ्यावरील ती पेन्सिलीची ओळ आम्हीं खोडली नाहीं. तिच्याखालीं दुरुस्ती लिहून तारीख घातली आहे.