‘सैनिक पेशी’ या रूपकाची चिकित्सा : टी पेशी आणि रासायनिक संकेत

प्रस्तावना
मराठी विज्ञानलेखनात रोगप्रतिकार संस्थेचा परिचय बहुधा युद्धाच्या परिभाषेत करून दिला जातो. शरीर हा किल्ला, रोगजंतू हे शत्रू आणि पांढऱ्या पेशी हे सैनिक, ही मांडणी सुबोध आहे. मारक टी पेशी बाधित पेशींचा नाश करतात, एवढ्यापुरती ती यथार्थही आहे. तथापि टी पेशींचे एकूण वर्तन उलगडण्यास ती अपुरी पडते.

विवेचन
सैनिक शत्रू दिसताच शस्त्र उचलतो. टी पेशी तसे करीत नाही. प्रथम तिच्या ग्राहीला प्रतिजनाची ओळख पटावी लागते. त्यानंतर सीडी२८ या रेणूमार्फत सहउद्दीपनाचा दुसरा संकेत मिळावा लागतो. तो न मिळाल्यास प्रतिजन समोर असूनही ती निष्क्रिय होते. पुढील कार्याची दिशा सायटोकाइन ही द्रव्ये ठरवितात. इंटरल्यूकिन-१२ च्या सान्निध्यात साहाय्यक टी पेशी एका प्रकारे घडते, तर इंटरल्यूकिन-४ च्या सान्निध्यात दुसऱ्या प्रकारे. श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरला, सावित्रीच्या मुखाशी होडी लोटणारा कोळी भरती, वारा आणि आभाळ यांचा मेळ पाहूनच निघतो. टी पेशीला सैनिकापेक्षा हा दृष्टान्त अधिक शोभतो.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. हरिहरेश्वर ज्या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत ४ जून २०२१ रोजी देशातील पहिला कार-टी उपचार झाला. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी पेशींवर सीडी१९ ओळखणारा कृत्रिम ग्राही बसविला जातो. ओळख आणि सहउद्दीपन हे दोन्ही संकेत त्या एकाच रचनेत गुंफलेले असतात.

या उपचाराचे वर्णन ‘प्रशिक्षित सैनिक’ असे केल्यास दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, सीडी१९ निरोगी बी पेशींवरही असते. त्यामुळे त्याही नष्ट होतात व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दोन, उद्दीपित पेशींनी सोडलेल्या संकेतांमुळे इतर पेशीही इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये स्रवतात. परिणामी तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो. उपचार परिणामकारक ठरत असतानाच रुग्ण अत्यवस्थ का होतो, याचे उत्तर युद्धाच्या रूपकात नाही. संकेतांच्या भाषेत ते सरळ आहे : एकाच वेळी फार मोठ्या प्रमाणावर संकेत दिले गेले.

निष्कर्ष
संमतिपत्रावर सही करणाऱ्या कुटुंबाला हे आधी कळणे हा त्याचा हक्क आहे. किनाऱ्यावरच्या गावातून आलेल्या नातेवाइकाला ‘सैनिक सोडले’ एवढेच सांगितले, तर नंतरचा ताप त्याला पराभव वाटेल. म्हणून पाठ्यपुस्तके, आरोग्यपुस्तिका आणि वर्गातील अध्यापन यांतून ‘संकेत’, ‘ग्राही’, ‘सहउद्दीपन’ हे शब्द रुळविणे आवश्यक आहे. सुबोधता हा विज्ञानलेखनाचा गुण खरा. पण जी सुबोधता निर्णयाच्या क्षणी वाचकाला अंधारात ठेवते, तिची फेरतपासणी व्हावयास हवी.