‘महाभारत’ मालिकेचा प्रथम भाग : निवेदक, श्रोता आणि ‘समय’

दीर्घ कथेच्या आरंभी केवळ कथानक सुरू होत नाही. कोण सांगतो, कोणास सांगतो आणि ऐकणाऱ्यास मध्येच काही विचारण्याचा अधिकार आहे की नाही, याचाही निर्णय तेथेच होतो. बी. आर. चोप्रा व रवि चोप्रा यांच्या ‘महाभारत’ या हिंदी दूरदर्शन-मालिकेचा प्रथम भाग २ ऑक्टोबर १९८८ रोजी प्रक्षेपित झाला. ९४ भागांची ही मालिका जून १९९० मध्ये संपली. तिचे संवाद राही मासूम रझा यांचे. मालिकेची भव्यता, वेशभूषा, अभिनय यांविषयी पुष्कळ चर्चा झाली आहे. प्रथम भागातील निवेदनाची रचना मात्र स्वतंत्र विचारास पात्र आहे.

मूळ ग्रंथाचा आरंभ प्रश्नातून होतो. नैमिषारण्यात शौनकाच्या सत्रात उग्रश्रवा सूत येतो आणि ऋषी त्यास विचारतात. त्याच्या कथेत दुसरी कथा आहे : जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायन व्यासांच्या आज्ञेने भारतकथा सांगतो. वैशंपायन प्रथम ती संक्षेपाने सांगतो. जनमेजयाचे समाधान होत नाही, तो विस्ताराची मागणी करतो, आणि म्हणूनच कथा वाढते. तात्पर्य, येथे श्रोता हा कथेचा उपभोक्ता नसून तिचा एक कर्ताच होय.

मालिकेने ही सर्व चौकट बाजूस सारली आहे. पडद्यावर एक चक्र फिरते आणि हरीश भिमाणी यांच्या धीरगंभीर आवाजात ‘समय’ स्वतःची ओळख करून देतो. ही योजना निराधार नाही. आदिपर्वाच्या प्रथमाध्यायातच संजय धृतराष्ट्राचे सांत्वन करताना कालाचे सामर्थ्य वर्णितो, आणि गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण स्वतःस काल म्हणवितो. शिवाय नाना पंथांच्या कोट्यवधी प्रेक्षकांसमोर कोणत्याही एका परंपरेत न बसणारा निवेदक उभा करणे, हे रझा यांच्या प्रतिभेचे यश मानलेच पाहिजे. परंतु मूळ ग्रंथात काल हा कथेचा विषय आहे, कथेकरी नव्हे. संस्कृतात, आणि मराठीतही, ‘काळ’ या शब्दास मृत्यूची छाया आहे. हिंदीतील ‘समय’ या शब्दास ती नाही. भयाचा अंश अशा रीतीने गळून पडला आणि सर्वज्ञतेचा अंश तेवढा उरला. या निवेदकास देह नाही, स्थान नाही, समोर श्रोता नाही. म्हणून त्यास कोणी प्रश्न विचारू शकत नाही. तो स्वतः प्रश्न उपस्थित करतो, तेव्हाही उत्तर त्याचेच असते.

या फरकाचा परिणाम भरताच्या प्रसंगात तत्काळ दिसतो. भरत आपल्या पुत्रांना डावलून भरद्वाजपुत्र भुमन्यू यास युवराज करतो, आणि जन्मापेक्षा योग्यता श्रेष्ठ हा सिद्धांत प्रेक्षकांस मिळतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व (सुकथनकर-संपादित, १९३३) पाहिले असता चित्र इतके सरळ राहत नाही. एका अध्यायात भरतास तीन स्त्रियांपासून झालेले नऊ पुत्र अनुरूप वाटत नाहीत आणि यज्ञानंतर भरद्वाजाकडून त्यास भुमन्यूचा लाभ होतो. लगेच पुढल्या अध्यायात भुमन्यू हा भरताचा सुनंदेपासून झालेला पुत्र आहे. ग्रंथाने दोन्ही परंपरा शेजारी ठेवल्या. मालिकेने त्यांतून तिसरी, बोधप्रद कथा घडविली. आपल्या नारदीय कीर्तनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर भरत हा पूर्वरंग आणि पुढे येणारे शंतनु-गंगेचे आख्यान हा उत्तररंग होय. नाट्यदृष्ट्या ही मांडणी प्रभावी आहे. मात्र कीर्तनकाराच्या समोर सभा बसलेली असते, आणि ‘समया’समोर ती नाही.

शंतनूच्या आख्यानाचा तर प्रश्न हाच गाभा आहे. आपण काहीही केले तरी हटकू नये, या अटीवर गंगा त्याची पत्नी होते. सात पुत्र जलार्पण होईपर्यंत तो मौन राहतो. आठव्या वेळी त्यास राहवत नाही, तो तिला अडवितो व तिची ओळख विचारतो. अट मोडते, गंगा जाते, परंतु देवव्रत वाचतो. भाषाभ्यासकास येथे एक विलक्षण योग आढळेल. या अटीस, या करारास, आदिपर्वाने जो शब्द वापरला आहे तो ‘समय’ हाच! ‘काल’ आणि ‘संकेत’ हे दोन्ही अर्थ संस्कृत शब्दात आहेत. शंतनूने ‘समय’ मोडला म्हणून भारतकथा पुढे गेली. मालिकेत मात्र ‘समय’ अखंड बोलतो आणि प्रेक्षक न हटकण्याचा करार नकळत पाळतो.

हा दोष केवळ लेखकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. माध्यमाचाही त्यात वाटा आहे. मालिकेचे बरेचसे चित्रण गोरेगावच्या चित्रनगरीत झाले. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीच्या कडेला, त्याच टेकड्यांच्या परिसरात, शासनाने १९७७ साली ही नगरी वसविली. मुंबईच्या उपनगरातील त्या झाडीत हस्तिनापूर उभे राहिले आणि श्रोते देशभरच्या घरांत बसले. मराठी कथेकऱ्यास श्रोत्याचा ‘हुं’ ऐकू आला नाही तर तो थांबतो. आरेच्या कडेस उभ्या असलेल्या त्या राजसभेपर्यंत कोणाचाही ‘हुं’ पोचणे शक्य नव्हते.

२०२० साली टाळेबंदीच्या काळात मालिका पुन्हा प्रक्षेपित झाली आणि आणखी एका पिढीस महाभारताची पहिली भेट याच आवाजातून घडली. पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थीही बहुधा हाच आवाज कानात घेऊन आदिपर्व उघडतो आणि आरंभीची प्रश्नोत्तरे पाल्हाळ समजून ओलांडतो. वस्तुतः ते पाल्हाळ नव्हे. कथेवर श्रोत्याचा जो हक्क आहे, त्याची ती नोंद आहे. मालिकेच्या प्रथम भागाचे सामर्थ्य मान्य करूनही, अध्यापकाने त्या विद्यार्थ्यास शंतनूच्या आठव्या क्षणापर्यंत नेले पाहिजे : जेथे विचारणे हा करारभंग ठरतो आणि त्याच करारभंगामुळे एक जीव वाचतो.