‘रात्रीस खेळ चाले’ : रहस्य आणि वारसा यांची फारकत

झी मराठी वाहिनीवरून २०१६ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात प्रक्षेपित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका लोकप्रियतेच्या कसोटीला उतरली, यात वाद नाही. तिची पुढील दोन पर्वे २०१९ आणि २०२१ साली निघाली. तथापि पहिल्या पर्वाने जो विषय हाती घेतला होता, त्या विषयाला त्याने न्याय दिला काय, हा प्रश्न लोकप्रियतेने सुटत नाही. तो विषय होता कोकणातील एका घरंदाज कुटुंबाच्या मिळकतीचा वाद.

मालिकेचे नाव ज्या गीताच्या आरंभीच्या शब्दांवरून आले, ते सुधीर मोघे यांचे गीत ‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६ च्या चित्रपटातील आहे. त्या चित्रपटाचे नायक डॉ. काशिनाथ घाणेकर मूळचे चिपळूणचे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी काढलेल्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटातही तेच नायक होते. प्रेमकथा आणि गूढकथा एकाच दाव्याला बांधण्याची मराठी पडद्यावरील परंपरा अशी जुनी आहे, आणि मालिका स्वतःला त्याच परंपरेत बसविते. नरसूच्या भुताने एका पिढीला घाबरविले, नाईकवाड्याने दुसरीला.

कथानकाचा आरंभ आश्वासक आहे. धाकटा मुलगा अभिराम आणि देविका यांच्या लग्नाची तयारी चालू असतानाच वाड्याचे कर्ते पुरुष अण्णा नाईक मरण पावतात. थोरला माधव व त्याची विज्ञाननिष्ठ पत्नी नीलिमा मुंबईची. मधला दत्ता आणि त्याची पत्नी सरिता गावी राहणारी. मुलगी छाया विधवा होऊन माहेरी परतलेली. आणि या सर्वांच्या समोर येऊन उभी राहणारी सुषमा, म्हणजे शेवंतेपासून झालेली अण्णांची मुलगी. वारसाहक्काचा एकही महत्त्वाचा प्रश्न असा नाही की जो या पात्रयोजनेत बीजरूपाने नाही. लेखकाला अधिक काही शोधण्याची गरजच नव्हती.

मिळकतीच्या वादावर उभारलेल्या उत्तम रहस्यकथेत रहस्य हेच वारशाचे मर्म असते. विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’ (१८६०) या कादंबरीत सर पर्सिव्हल ग्लाइड जे प्राणपणाने लपवितो, ती एक नोंद आहे. आईबापांच्या विवाहाची ही खोटी नोंद त्याने चर्चच्या नोंदवहीत घुसडलेली असते. ती उघडी पडली तर त्याचे औरसपण जाते आणि त्याबरोबर पदवी व जमीनही. वाचक भयाने जे पान उलटतो, तेच पान न्यायालयातही निर्णायक ठरले असते. आपल्याकडील ताईमहाराज प्रकरणात कल्पनेचा अंशही नव्हता; परंतु १९०१ साली औरंगाबादेस दत्तविधान झाले की नाही, या एका प्रश्नापायी लोकमान्य टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, आणि अंतिम निकाल १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलकडून यावा लागला.

‘रात्रीस खेळ चाले’त मात्र ही गाठ पडत नाही. वाड्यात एकामागून एक विलक्षण प्रकार घडतात, पुढे पोलिसी तपास सुरू होतो, आणि प्रेक्षक ‘हे कोण करीत आहे’ याच्या मागे लागतो. ‘हे कोणाचे आहे’ हा मूळ प्रश्न तोवर विस्मृतीत गेलेला असतो. वाडा आणि जमीन वडिलोपार्जित की अण्णांची स्वकष्टार्जित, हा भेद अशा कथेचा कणा व्हायला हवा होता; येथे तो अलंकारही होत नाही.

हा भेद कीस काढण्याचा विषय नव्हे. भारतरत्न म. म. पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० साली चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथे झाला. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात दायभागाचे विस्तृत विवेचन आहे. उत्तर कोकणात नीलकंठाच्या व्यवहारमयूखाला मान होता, तर रत्नागिरीकडे मिताक्षरेचा अंमल. मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. अविभक्त कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा प्रथम १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० ने मिळाली. पेटीत दडविलेले मृत्युपत्र ही इंग्रजी कथेची आवडती युक्ती कोकणातील वाड्यात जशीच्या तशी चालत नाही, ती यामुळे. येथे नाट्य मृत्युपत्रात कमी, आणि तक्षिमांत, वाटपात, सातबाऱ्यावरील सामाईक नावांत अधिक. खोती १९४९ च्या कायद्याने गेली; हिश्शांचा हिशेब राहिला.

छायेचेच उदाहरण घ्यावे. मिळकत वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर तिचा हिस्सा भावांइतकाच. प्रत्यक्षात कोकणातील कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. कोणी ती मायेने करतात, कोणी माहेर तुटू नये म्हणून, तर कोणाकडून ती करवून घेतली जाते. भावाच्याच घरात राहणाऱ्या विधवा बहिणीपुढे असा कागद ठेवला जाणे, हा प्रसंग कोणत्याही मध्यरात्रीच्या पावलांपेक्षा अधिक भयंकर झाला असता. मालिकेने छायेला विक्षिप्तपणा आणि कडवट जीभ दिली. तिच्या नावावर काय आहे, याकडे लक्ष दिले नाही.

सुषमेच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. १९५६ चा कायदा अनौरस अपत्याचे नाते आईशीच धरतो. रद्दबातल विवाहातून झालेल्या मुलांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ चे संरक्षण आहे, आणि त्याची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केली. पण जेथे विवाहच नाही, तेथे या संरक्षणाचा आधार मिळत नाही. बापाने हयातीत बक्षीसपत्र केले असेल किंवा मागे मृत्युपत्र ठेवले असेल, तरच अशा मुलीला काही मिळावयाचे. म्हणजे ज्या मृत्युपत्राची इतर वारसांना फारशी गरज नाही, ते एकट्या सुषमेच्या दृष्टीने सर्वस्व आहे! एवढी सामग्री हाताशी असता तिचा उपयोग बव्हंशी संशयाची सुई फिरविण्यापुरता व्हावा, ही निराशेची गोष्ट आहे.

अभिराम–देविकेची प्रेमकथाही याच कारणाने फिकी पडते. या दोघांच्या मार्गात सुतक आहे, भय आहे, घरातील कलह आहे. मात्र वाटपाचा प्रश्न त्यांच्या नात्याला कोठेही कापीत नाही. धाकट्या मुलाच्या हिश्शाने त्याच्या विवाहाचे भवितव्य ठरावे, अशी एखादी वेळ आली असती तर दोन्ही धागे एकमेकांत गुंतले असते.

जमेची बाजू लहान नाही. मालवणी बोलीचा सहज वापर, शकुंतला नरे यांची माई, आणि प्रल्हाद कुडतरकर यांचा विसरभोळा पांडू, यांनी वाड्याला हाडामांसाची माणसे दिली. माईच्या मौनात तर न बोललेल्या कित्येक वर्षांचा संसार दिसतो. कोकणाला अंधश्रद्ध ठरविल्याचा जो आक्षेप आरंभीच घेतला गेला, तो दुय्यम मानावा लागेल. भुताखेतांच्या गोष्टी कोकणी माणूस स्वतःच चवीने सांगतो. जमिनीच्या बाबतीत मात्र तो इतका भाबडा नसतो, आणि मालिकेने त्याला तेथे भाबडे केले आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीत जगबुडीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा ऱ्हास येतो. तेथे जमीन आणि माणसाचा स्वभाव ही एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.

२०१९ च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेऊन अण्णा आणि शेवंता यांचा संबंध रंगविला, आणि अण्णांच्या वासनेशी त्यांची मालकीची हाव प्रथमच एका धाग्यात आली. पहिल्या पर्वात ज्याची फक्त तसबीर होती, तो माणूस येथे जिवंत झाला. सुषमेच्या हक्काचा प्रश्न मात्र २०१६ साली जेथे सोडला गेला, तेथेच राहिला.