भिंत न संपणारा तुरुंग

तुरुंग म्हटला की कोंदट कोठडी डोळ्यांसमोर येते. जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीच्या ‘कार्चेरी’ या चित्रमालिकेत मात्र प्रचंड कमानी आहेत, त्यांच्यापलीकडे आणखी कमानी, मधून गेलेले पूल, जिने, सज्जे. जागेला काही तोटा नाही. आणि तरीही इथून सुटका नाही, हे पाहताक्षणी कळते. ही भीती मोकळ्या जागेतून कशी उगवते, ते पाहण्यासारखे आहे.

सातवे चित्र घ्या, उचलत्या पुलाचे. एका अजस्र दगडी बुरुजाभोवती जिना वळत वर जातो. आपली नजर त्याच्या पायऱ्या चढू लागते. वर पूल लागतो, पुलापलीकडे दुसरा जिना, मग सज्जा, मग दोरखंड आणि तुळया. चढत राहावे आणि छत कधी येऊच नये, अशी ही रचना आहे. कागदाची कड येते, इमारत संपत नाही. माणसे आहेत, पण इतकी लहान की त्यांचे चेहरे वाचता येत नाहीत. त्यांतला कैदी कोण आणि पहारेकरी कोण, तेही उमगत नाही. मला या चित्रांत छळाच्या यंत्रांपेक्षा हे न उमगणे जास्त भेडसावते.

पिरानेसीचा जन्म 1720चा, व्हेनिसजवळचा. वडील दगडकाम करणारे, आणि ज्या मामाच्या हाताखाली तो शिकला तो व्हेनिसच्या जलव्यवस्थेतला अभियंता. म्हणजे दगडाचे वजन आणि तुळईचा ताण त्याला घरातूनच ठाऊक. त्यात नाटकाच्या नेपथ्याची भर पडली. इमारत समोरून न दाखवता कोपऱ्यातून दाखवायची, म्हणजे नजर दोन्ही बाजूंना दूरवर पळते, ही त्या काळच्या इटालियन रंगभूमीची युक्ती होती. रंगमंचावर तिने राजवाडे भव्य दिसत. पिरानेसीने तीच तुरुंगाला लावली.

चौदाव्या चित्रात तो त्याहून धीट होतो. तिथे खांब आणि कमानी यांचा मेळ बसत नाही. तळाशी एका रांगेत वाटलेला आधार वर पाहिला की दुसऱ्याच रांगेत गेलेला दिसतो. ही चूक म्हणावी, तर रोमच्या अवशेषांचा दगड न् दगड टिपणाऱ्या माणसाची ती चूक असणे मला अशक्य वाटते.

हे सारे अम्लरेखनाचे काम. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, आणि उघड्या पडलेल्या तांब्याला आम्लाने खाऊ द्यायचे. मऊ लेपात सुई लेखणीसारखी धावते, म्हणूनच 1750च्या सुमारास निघालेल्या पहिल्या 14 चित्रांत एका बैठकीत उतरवल्यासारखी चपळाई आहे. त्यांत उजेड खेळतो, रेघा मोकळ्या सुटतात.

मग 1761 मध्ये पिरानेसीने तेच पत्रे पुन्हा हाती घेतले. दोन नवी चित्रे घालून मालिका 16ची केली. जुन्या पत्र्यांवर रेघा गडद केल्या आणि रिकाम्या उजेडात नवे जिने, नव्या तुळया, नव्या साखळ्या उभ्या केल्या. पहिल्या आवृत्तीत निदान दूरवर थोडे आकाश असल्याचा भास होता. दुसरीत तिथेही बांधकाम आले. अनेकांना पहिली आवृत्ती अधिक तरल वाटते, आणि रेघेपुरते ते खरेही आहे. तरी मी दुसऱ्या आवृत्तीकडेच वळतो. वास्तुकार म्हणवणाऱ्या या माणसाच्या हातून प्रत्यक्षात उभे राहिले ते रोममधल्या आव्हेंतिनो टेकडीवरचे एकच चर्च. या पत्र्यांवर मात्र त्याला अडवणारे कोणी नव्हते, आणि दहा-अकरा वर्षांनी परतल्यावरही त्याला तिथे अजून एक मजला चढवायला जागा सापडत होती.