नाव कोणी वल्हविली?

'दारिद्र्य ही मोठी शाळा होय' हे वचन आपल्या घराघरांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते एकदा तपासून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. आम्ही स्वतः गेली पंचवीस वर्षे ते विद्यार्थ्यांस ऐकवीत आलो आहो. डॅनियल जेम्स ब्राऊन या अमेरिकन ग्रंथकाराचा 'द बॉईज इन द बोट' हा २०१३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आम्ही हाती घेतला, तो या वचनास एक नवा दाखला मिळेल याच अपेक्षेने. दाखला मिळाला खरा. परंतु तो वचनाच्या बाजूचा की विरुद्ध, याचा विचार ग्रंथ मिटल्यावर करीत बसावे लागले.

कथा सत्य आहे. १९२९ साली, अमेरिकेवर आर्थिक मंदी कोसळली त्याच सुमारास, वॉशिंग्टन राज्यातील सेक्विम या गावी जो रँट्झ नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलास अर्धवट बांधलेल्या घरात एकटे टाकून त्याचा बाप, सावत्र आई व धाकटी भावंडे निघून गेली. मिळेल ते काम करून या मुलाने पोट भरले, पुढे सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश मिळविला, आणि आठ वल्ह्यांच्या शर्यतीच्या नावेत एक जागा पटकावली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १४ ऑगस्ट रोजी ग्र्युनाऊ येथे हिटलरच्या डोळ्यांदेखत या नावेने अंतिम शर्यत जिंकली. पहिल्या फेरीत सर्वांत कमी वेळ नोंदवूनही तिच्या वाट्यास वाऱ्याच्या तोंडची वाट आली होती, आणि लय धरणारा मुख्य वल्हेकरी डॉन ह्यूम आजारी होता. दोन हजार मीटरांच्या अखेरीस इटलीची नाव ०.६ सेकंदाने, व जर्मनीची १ सेकंदाने मागे राहिली.

निकाल आरंभापासून ठाऊक असताही वाचकाची उत्कंठा शेवटपर्यंत टिकते, यात ग्रंथकाराचे खरे कौशल्य आहे. 'नाव जिंकेल काय?' हा प्रश्न बाजूस सारून 'हा मुलगा इतरांवर विश्वास टाकील काय?' हा प्रश्न त्याने मध्यवर्ती केला आहे. वल्हेकरी गंतव्य स्थानाकडे पाठ करून बसतो. पुढचे पाहतो तो एकटा सुकाणूधारी. ज्यास आप्तांनीच टाकून दिले, त्याने न दिसणाऱ्या मार्गावर, दुसऱ्याच्या डोळ्यांनी, सर्व शक्ती ओतावी कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्यास साह्य करतो तो जॉर्ज पोकॉक हा नावा घडविणारा इंग्रज कारागीर. तो जोला आपल्या माडीवरील कारखान्यात नेऊन सीडरच्या लाकडाचे गुण समजावून देतो. तो प्रसंग आम्हांस प्रत्यक्ष शर्यतीहूनही अधिक हृद्य वाटला.

परंतु दारिद्र्याच्या भट्टीतच ही माणसे घडली, असा जो सूर ग्रंथभर घुमतो, तो मात्र ग्रंथातील हकीकतींस धरून नाही. जोच्या पाठीशी उभे राहिलेले हात वाचकांनी मोजून पाहावेत. थोरला भाऊ फ्रेड याने त्यास सिअ‍ॅटलला बोलावून चांगल्या शाळेत घातले. तेथील व्यायामशाळेत विद्यापीठाचे नौका-शिक्षक अल अलब्रिक्सन यांची दृष्टी त्याच्यावर पडली. झाडलोटीची का होईना, नोकरी मिळाली. सुटीत ग्रँड कूली धरणावर मजुरी मिळाली. निवड होऊनही बर्लिनला जाण्यासाठी पाच हजार डॉलर तातडीने भरावयाचे होते. ते सिअ‍ॅटलच्या नागरिकांनी जमविले. दारिद्र्याने ही नाव वल्हविली नाही. दारिद्र्याने ती अडविली होती. त्याच मंदीत तितकीच बळकट असंख्य मुले होती. त्यांस बोलावणारा भाऊ नव्हता, म्हणून त्यांच्यावर ग्रंथ नाहीत.

हे लिहिताना आम्हांस एका विद्यार्थ्याची आठवण होते. तो वर्गात मागील बाकावर रोज झोपी जात असे. रात्री तो कामावर जातो, हे कळल्यावर आम्ही त्यास उपरिनिर्दिष्ट वचन ऐकविले व कष्टांतून वर आलेल्या थोरांची चार नावे सांगितली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. पुढील सत्रास तो आला नाही. त्याची फी किती थकली आहे, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

ग्रंथाचा दुसरा दोष असा की, निष्पाप अमेरिकन मुले आणि नाझींचा रंगविलेला देखावा यांचा विरोध ग्रंथकाराने फारच सोपा करून मांडला आहे. सुकाणूधारी बॉबी मॉक यास, आपले कुळ ज्यू असल्याचे युरोपास निघण्यापूर्वी बापाच्या पत्रावरून प्रथम कळते. हा एक प्रसंगच त्या काळाची भीषणता सांगण्यास पुरेसा होता. त्यापुढे विजयाला राजवटीवरील निकालाचे स्वरूप देणे उचित नव्हे. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी ध्यानचंदांच्या हिंदी संघाने हॉकीत जर्मनीचा ८-१ असा पराभव केला, त्याचा आम्हांस आजही अभिमान आहे. तथापि त्या आठ गोलांनी वा त्या ०.६ सेकंदाने १९३९ चे युद्ध टळले नाही.

इतके असूनही हा ग्रंथ प्रत्येक कुटुंबात वाचला जावा, असेच आम्ही म्हणू. २००७ साली मृत्यू पावण्यापूर्वी जोने ग्रंथकारास एकच अट घातली होती: कथा माझी एकट्याची नको, नावेची असावी. ती अट ग्रंथकाराने बव्हंशी पाळली आहे. ती पूर्ण पाळणे वाचकाच्या हाती आहे. वडील मंडळींनी ग्रंथ मुलांच्या हाती देण्यापूर्वी स्वतः वाचावा, आणि 'पाहा, असे कष्ट करा' असे म्हणण्याच्या आधी आपल्या शेजारच्या कोणा मुलाची फी राहिली आहे काय, याची चौकशी करावी.