व्हिनाइल कटरसाठी सॉफ्टवेअरची निवड : देवनागरीच्या संदर्भात एक चिकित्सा

व्हिनाइल कटरसाठी सॉफ्टवेअर निवडताना किंमत व सुलभता हेच निकष मानले जातात. देवनागरी फलकांच्या बाबतीत ते अपुरे ठरतात. मुद्रणयंत्र अक्षर रंगाने भरते, कटरचे ब्लेड मात्र केवळ बाह्यरेषेवरून फिरते. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या एकसंध केल्या नाहीत, तर ब्लेड प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा छेदते आणि शब्दाचे तुकडे होतात. कोरलड्रॉमधील ‘वेल्ड’ किंवा २००३ पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या इंकस्केपमधील ‘युनियन’ ही सुविधा हा दोष दूर करते. तथापि अक्षरांच्या आकृती झाल्यावर शुद्धलेखन टंकून सुधारता येत नाही. मूळ प्रत स्वतंत्र जतन करणे आवश्यक ठरते. म्हणून सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी जोडाक्षरयुक्त मराठी ओळ कापून पाहणे, हीच त्याची खरी कसोटी होय.