पाहुण्यांना दिलेली ताकीद

परदेशी जाणाऱ्या नागरिकांना त्यांची सरकारे सुरक्षिततेच्या ज्या सूचना देतात, त्यांच्याकडे लेखन म्हणून कोणी पाहत नाही. मला तसे पाहायचे आहे. आपला देश दुसऱ्याला कसा दिसतो ते तेथे अलंकाराशिवाय लिहिलेले असते. आणि त्या सूचना वाचून येथला माणूस ज्या रीतीने खवळतो, त्यात तो स्वतःला कोण समजतो हेही उघडे पडते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे दुसरे.

१६ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने भारताविषयीची सूचना नव्याने काढली. गुन्हे आणि दहशतवाद यांमुळे अधिक खबरदारी घ्या, बलात्काराचे गुन्हे झपाट्याने वाढत आहेत, एकट्याने आणि विशेषतः स्त्रियांनी एकटीने प्रवास करू नका, असा तिचा आशय. नक्षलवाद्यांचा प्रदेश सांगताना पूर्व महाराष्ट्राचेही नाव घेतले. कोल्हापूरचे नाव त्यात नाही. तरीही कोल्हापुरात राग आला. चहाच्या गाड्यावर आणि शिक्षकांच्या खोलीत मी दोन सूर ऐकले. एक सूर असा : 'आमच्याकडे या म्हणावं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपा, केसालाही धक्का लागणार नाही.' दुसरा सूर जरा शहाणा : 'आहे ते खरे, पण घरची लक्तरे वेशीवर कशाला?'

दोन्ही सुरांत एक 'आम्ही' आहे. हा 'आम्ही' कोण, हा माझा प्रश्न आहे. पाहुण्याला सुरक्षिततेची हमी देणाऱ्याजवळ ती आधी स्वतःपुरती तरी असावी लागते. वेशीवर लक्तरे टांगली म्हणून ज्याला लाज वाटते, त्याचे घर वेशीच्या आत असते. ज्यांचा वाडाच वेशीबाहेर वसवला होता, त्यांनी कोणत्या लाजेत सामील व्हायचे?

हे नवे नाही. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईचे 'मदर इंडिया' निघाले आणि देश असाच पेटून उठला. मेयोबाईंचा हेतू शुद्ध नव्हता. इंग्रजांचे राज्य टिकावे ही त्यांची इच्छा लपत नाही. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटले. ते हिंदी माणसाने वाचावे असेही त्यांनी सांगितले होते, पण लोकांनी लक्षात ठेवली ती उपमाच. त्या उपमेत गटार आहे, तपासनीस आहे. गटारात उतरणारा माणूस मात्र नाही. दुर्गंधी परक्याला कळली याचे दुःख झाले. ती एकाच जातीच्या हातांनी पिढ्यान्पिढ्या उपसून घेतली जाते याचे दुःख करायला कोणाला सवड झाली नाही. आणि त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले होते.

बाबासाहेबांनीच परदेशी वाचकासाठी एक ताकीद लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेसे लेखन १९३५-३६च्या सुमाराचे. ते पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली आले आणि १९९३ साली शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात समाविष्ट झाले. परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे हे ठाऊक असते, पण शेजारी राहत नसल्याने तिचा जाच त्याला कळत नाही, असे सुरुवातीलाच सांगून ते प्रसंगांकडे वळतात. हे प्रसंग बहुतेक प्रवासाचे आहेत, याकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. मसूर स्टेशनवरून कोरेगावकडे निघालेली मुले, बडोद्यात मुक्कामाला जागा न मिळालेला विलायतेहून परतलेला अधिकारी, १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिल्यामुळे अननुभवी हातांनी हाकलेल्या टांग्यातून फेकला गेलेला प्रवासी. त्या अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. प्रवाशाला धोका कोठे आहे, हे याहून नेमके कोणत्या सूचनेत सांगितले आहे?

आणि पाणी. भारतात येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला पहिली ताकीद पाण्याची असते : नळाचे पिऊ नका, बाटलीचे प्या. येथले लोक त्याला हसतात. खरे तर हसण्यासारखे काही नाही. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्याने काविळीची साथ आली आणि माणसे मेली. पण दौलताबादचा प्रसंग आठवा. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ला पाहायला गेले. दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तोच हौद बाटवल्याची ओरड झाली, जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला तो एक शिपाई बरोबर देऊन. शिपाई पाहुण्यांच्या रक्षणासाठी नव्हता. यांनी किल्ल्यात कोठे पाण्याला हात लावू नये म्हणून होता. ओरडणारे तेथे हिंदू नव्हते, मुसलमान होते, हेही बाबासाहेबांनी झाकून ठेवलेले नाही. परदेशी माणसाला सांगतात, या पाण्यापासून तुला धोका आहे. आपल्याला सांगत आले, तुझ्यापासून पाण्याला धोका आहे. पहिली ताकीद वैद्यकाची आहे, दुसरी धर्माची. आणि देशाची बदनामी होते म्हणून राग येतो तो पहिलीचा!

कोल्हापूरकरांना हे दौलताबादेला जाऊन शिकायची गरज नाही. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मार बसला आणि शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून देऊन स्वतः तेथे चहा घेतला, ही हकीकत येथे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आपण ती महाराजांच्या थोरवीसाठी सांगतो. तिचा पूर्वार्ध, म्हणजे मार, घाईने उरकतो.

अमेरिकेला ही भाषा परकी नसावी. तेथल्या काळ्या माणसांना स्वतःच्याच देशात कोठे मुक्काम करता येईल, कोठे जेवता येईल हे सांगणारे मार्गदर्शक पुस्तक न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ साली काढले. साठीचे दशक सरत येईपर्यंत ते निघत होते. पासपोर्ट खिशात नसलेल्या परक्यांसाठी जवळपास एकाच वेळी दोन देशांत दोन माणसे लिहायला बसली होती. दलित साहित्य आणि काळ्यांचे साहित्य यांची तुलना आपण कवितेपाशीच थांबवतो. ती येथेही करायला हवी.

स्त्रियांविषयीच्या वाक्यावर सर्वांत जास्त गदारोळ झाला. 'एकटीने प्रवास करू नका.' दर हंगामात बीडकडून कोल्हापूरच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला येणारी बाई फडाशेजारी कोपीत राहते आणि उजाडण्याआधी कोयता घेऊन निघते. तिला ही सूचना कोणी द्यायची? आणि २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे मायलेकी तर प्रवासातही नव्हत्या. त्या आपल्या घरी होत्या.

एका सूचनेशी माझे मात्र पक्के भांडण आहे. निदर्शने आणि मोठे जमाव टाळा, असे ही सरकारे नेहमी सांगतात. बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने उभे राहिले. १४ एप्रिलला तेथे लोटणारी गर्दी ही या शहरात आपल्याला सर्वांत सुरक्षित वाटणारी जागा आहे. सूचना पाळणारा पाहुणा नेमका तेथूनच बाजूला होईल. उलट १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा ना जमाव होता ना निदर्शने. पतिपत्नी सकाळी फिरून घरी परतत होते. आणि ७ जून २०२३ ला याच शहरात जो जमाव रस्त्यावर आला, त्याची भीती परदेशी माणसाने नव्हे, येथल्या मुसलमान दुकानदाराने बाळगायची होती.

म्हणून शिक्षक मित्रांना सुचवतो. विद्यापीठात परदेशी अभ्यासक येतात, आपण त्यांना महालक्ष्मी, पन्हाळा, रंकाळा दाखवतो. त्यांच्या हातात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' द्या. मग हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला न्या. १९२० च्या मार्चमध्ये तेथे अस्पृश्यांची परिषद भरली आणि शाहू महाराज स्वतः हजर राहिले. पाहुणा तेथे प्रश्न विचारील. त्याची उत्तरे गाडीच्या मार्गदर्शकाने न देता माणगावच्या माणसांनी द्यावीत.